खर्च ज्याचा त्याने सोसावा

तिरुवल्लिकेणी,
२० जानेवारी २०२५

प्रतिवादी क्रमांक एक, अंबुजाबाई यांस,

इथे 'नमस्कार' लिहावा की नाही, यावर मी पाऊण तास विचार केला. चौदा वर्षं आपल्यात जे काही लिहिलं गेलं ते वकिलांच्या सहीने, आणि वकिलांच्या कागदात नमस्कार नसतो. तेव्हा नमस्कार ज्याचा त्याने सोसावा.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहितो आहे. माझे वकील वेंकट नोटिशीच्या एका ओळीलाही आधी फी मागतात, हे एक कारण. दुसरं असं की या अख्ख्या शहरात हीच एक भाषा माझ्या वकिलालाही येत नाही, तुमच्या वकिलाला, मुरलीलाही येत नाही आणि आपल्या मुलांनाही वाचता येत नाही. इथे मनसोक्त भांडता येईल. उद्या कुणाला हे पत्र पुरावा म्हणून दाखल करायचं झालं, तर आधी भाषांतरकार शोधावा लागेल. मागचा सापडायला अडीच वर्षं लागली होती.

मी जिंकलो, बाई! ९ जानेवारीला भर कोर्टात जिंकलो. आजोबा बालाजीरावांनी कागदावर लिहून ठेवलं होतं: श्रीरामनवमीस दारापुढे मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्यास गुळाचे पानक व ताक द्यावे, पहिला लोटा घरातल्या थोराने घालावा. या एका वाक्यावर तुम्ही मला चौदा वर्षं उभं केलंत. आधी म्हणालात, मी 'घरातला' नाही, कारण माझे वडील सहाव्या वर्षी पलीकडच्या गल्लीत दत्तक गेले. मग तो नागपूरचा भाषांतरकार आला आणि त्याने 'थोर' या शब्दाचं भाषांतर 'ग्रेट मॅन', म्हणजे महापुरुष, असं केलं. झालं! पुढची चार वर्षं कोर्टाने मी महापुरुष आहे की नाही याची चौकशी केली. अकरा साक्षीदार झाले. तुमचे सहा म्हणाले, नाही. माझ्या पाचांपैकी दोघे म्हणाले, तसं काही लक्षात आलेलं नाही.

अखेर सातव्या न्यायाधीशांना कळलं की आपल्या तंजावरी बोलीत थोर म्हणजे नुसता वयाने मोठा. दत्तविधान शाबीत नाही, सबब वसंतराव घरातले. वसंतराव वयाने मोठे, सबब थोर. दावा मंजूर. मी उठून उभा राहिलो. डोळे भरून आले होते. आणि तेवढ्यात निकालाची शेवटची ओळ वाचली गेली: 'उभयपक्षांतील नाते लक्षात घेता, खर्च ज्याचा त्याने सोसावा.'

मी सभांमधून पन्नास वर्षं बोलत आलो, पण त्या क्षणी दोनच शब्द निघाले. वेंकटना विचारलं, हे काय? ते म्हणाले, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा नियम आहे, पण तो द्यायला लावायचा की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकाधिकारात आहे. नियम मोडायचा तर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलंय ना, 'नाते लक्षात घेता'.

विवेकाधिकार! विवेक आणि अधिकार एका शब्दात कोंबले की विवेकाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ज्याच्या घरात चोरी झाली त्याला सामान परत दिलं, आणि पोलिसांच्या चहाचे पैसे त्याच्याकडून घेतले, असा हा न्याय! मी सत्याच्या बाजूने होतो की नव्हतो? होतो, तर सत्याने स्वतःच्या पैशाने रिक्षा करून कोर्टात काय म्हणून यावं? मला तुमच्या रुपयांची हाव नाही. पेन्शन मला पुरते. मला हवाय तो शेरा, की ही बाई चुकली होती. खर्चाचा हुकूम म्हणजे दुसरं काय असतं?

तरी तुम्हाला संधी देतो. तुम्ही खर्च स्वखुशीने द्यावा आणि सोबत तसं दोन ओळींत लिहून द्यावं. नाहीतर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत. रामनवमी ६ एप्रिलला आहे. हिशेब तुम्हीच करा.

वादी,
वसंतराव


अण्णा नगर,
२९ जानेवारी २०२५

वसंताण्णा,

नमस्कार. मी लिहिते, माझ्याकडे शिल्लक आहेत.

तुमचं जाडजूड पाकीट बघून हरिणीने विचारलं, "अम्मा, इदु समन्सा?" मी म्हटलं, नाही ग, मामाचं पत्र आहे. "कुठला मामा?" मी म्हटलं, कोर्टाने नवीन दिलाय.

ती हसली नाही. चाळीस वर्षांची होत आली, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तुम्हाला तिने शेवटचं जवळून पाहिलं ते तिच्या लग्नात. तेव्हा तुम्ही वऱ्हाडापुढे संस्कृतीवर बोलला होतात. भात निवला होता.

आता तुमच्या मागणीबद्दल. चौदा वर्षं तुम्ही ओरडून सांगत होतात, मी अंबुजाचा भाऊ, मी अंबुजाचा भाऊ. कोर्टाने ऐकलं. मग भाऊच जर ठरलात, तर बहिणीकडून खर्च मागायला लाज वाटत नाही का? मी हरले, ते मुकाट्याने कबूल करते. तुम्ही माझे थोर भाऊ. पोंगलला भाऊ बहिणीला चोळी पाठवतो, ती मला अजून आलेली नाही.

आणि अपील करून काय सांगणार? 'नाते लक्षात घेता' हे कारण चूक आहे, म्हणजे नातं नाही, हेच ना? नातं नाही, तर घरातले नाही. घरातले नाही, तर लोटा कुठला? खर्च जिंकाल आणि ताक हराल. अस्कं जाईल, अण्णा. मुरलीला मी विचारलं. तो खुर्चीत इतका हसला की त्याच्या ज्युनियरने पाणी आणलं.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे मला कळतं. इतकी वर्षं मी म्हणत होते, हे आमचे कुणी नाहीत. आता खर्च चुकवायला म्हणते, अहो हे तर माझे भाऊ! पण मी कुठे तुमच्यासारखी सत्याच्या बाजूने होते? मी तर नुसती प्रतिवादी.

दुसरी बातमी. तुमच्या वेंकटच्या मुलीचं लग्न माझ्या मुरलीच्या मुलाशी ठरलंय. पत्रिका तुम्हालाही आली असेलच. नऊ फेब्रुवारी, मैलापूर. दोघांची ओळख कुठे झाली माहीत आहे? आपल्या तारखांना. दोन्ही मुलं आपापल्या बापाची फाइल धरून बसायची.

गुडघा दुखतो, म्हणून थांबते.

अंबुजा


तिरुवल्लिकेणी,
४ फेब्रुवारी २०२५

अंबुजाबाई,

तुमचं पत्र सोबत परत पाठवतो आहे. त्यातल्या सात चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. 'अस्कं' असा शब्द ग्रांथिक मराठीत नाही, 'सगळं' लिहावं. आपण तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलो म्हणून भाषेने लुंगी नेसलीच पाहिजे असं नाही.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतं तुम्ही मला कोंडीत पकडलं. माणसाला कोंडीत पकडणं सोपं असतं, सिद्धांताला नाही. मी वेंकटपुढे प्रश्न ठेवला: ताकापुरता मी नातेवाईक आणि खर्चापुरता परका, असं मांडता येईल का? ते म्हणाले, "सार, मांडता सगळं येतं." मग त्यांनी समजावलं. लोट्याचा हक्क रक्ताच्या नात्यावर आहे, आणि रक्त बदलत नाही. खर्चाची सवलत मात्र प्रेमाच्या नात्यावर आहे, आणि प्रेम चौदा वर्षांत संपलं याला कोर्टाची फाइलच पुरावा. म्हणजे मला वरच्या कोर्टात एवढंच सिद्ध करायचं आहे की तुम्ही माझ्या बहीण आहात पण आपल्यात काडीचीही माया नाही. साक्षीदार लागले तर अख्खी तिरुवल्लिकेणी येईल.

हसू नका. हा देश अशाच फरकांवर चालतो. सहाव्या न्यायाधीशांनी एक अख्खी दुपार ताक आणि तमिळ मोर या एकाच वस्तू आहेत की दोन, हे ऐकून घेतलं होतं. पाणी घातलेलं आणि न घातलेलं! तुमच्या मुरलीने त्यावर आहारतज्ज्ञ आणला होता. त्या तज्ज्ञाचा खर्चही आता ज्याचा त्याने सोसावा. मी म्हणतो, विवेकाधिकार वापरायचाच होता तर त्या दुपारी वापरायचा. निकालाच्या शेवटच्या ओळीत विवेक जागा होतो आणि चौदा वर्षं घोरतो, याला न्याय म्हणायचं का? हरणाऱ्याला दमडी मोजावी लागत नाही असं एकदा कळलं की या शहरात कोण तडजोड करेल? खोटं बोलणं फुकट आणि खरं बोलणं स्वखर्चाने, असा कायदा झाला तर लोक कुठे वळतील ते सांगायला महापुरुष लागत नाही.

लग्नाला मी येणार नाही. ज्या वकिलांनी आपलं नातं फाडण्यावर घर बांधलं, त्यांचं नातं जुळताना अक्षता टाकण्याइतका मी थोर नाही.

चोळीबद्दल: मागणी मुदतबाह्य आहे.

वसंतराव


अण्णा नगर,
१२ फेब्रुवारी २०२५

वसंताण्णा,

येणार नव्हतात ना? मग जरीच्या धोतरात, तिसऱ्या रांगेत, पायसम दोनदा मागून घेणारे ते कोण होते? हुबेहूब तुमच्यासारखे दिसत होते. महापुरुषांना तोतये असतात असं ऐकलंय.

वाढणाऱ्यांनी आपल्याला एकाच रांगेत बसवलं याचा राग मानू नका. त्या मुलांना काय माहीत वादी कोण नि प्रतिवादी कोण. मध्ये दोन पानं होती, त्यावर दोन्ही वकील बसले. दोघांनी एकमेकांना 'संबंधी, संबंधी' म्हणत लाडू भरवले, तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं. तमिळमध्ये व्याह्याला संबंधी म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटलात, "बघ, संबंध कुणाचा होता आणि लागला कुणाचा." चौदा वर्षांत मला उद्देशून तुम्ही बोललेलं हे पहिलं वाक्य. वकिलांच्या डोक्यावरून आलं आणि त्यांना कळलं नाही. मला हसू आवरेना. ठसका लागला, तुम्हाला वाटलं मी रडले.

दुसरी एक गोष्ट मी पाहिली. दह्यातली थयिर पच्चडी घेऊन वाढपी माझ्या पानाकडे आला, तेव्हा तुम्ही त्याला हात करून सांगितलंत, "अवंगळुक्कु मिळगाय वेण्डाम." हिला मिरची नको. खरं आहे, मला मिरची चालत नाही. माझ्या जावयालाही हे अजून लक्षात राहत नाही.

हे तुमच्या अपिलात अडचणीचं होईल, म्हणून सांगून ठेवते. काडीचीही माया नाही म्हणालात. माझ्याकडे एका मिरचीचा पुरावा आहे आणि साक्षीदार तुमचाच वकील.

तुमच्या सात दुरुस्त्या वाचल्या. 'अस्कं' मी लिहिणार. आजोबांच्या कागदातही तेच आहे. जाऊन त्यांना लाल शाई लावा.

अंबुजा


तिरुवल्लिकेणी,
३ मार्च २०२५

अंबुजा,

या पत्राला उशीर झाला. तीन वेळा लिहिलं आणि तीनही वेळा ते भाषण झालं.

वेंकटनी अपिलाचा मसुदा तयार केला आहे. मी सही केली आहे. ७ एप्रिलला, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दाखल करायचं. पण त्याआधी मला तुला एक विचारायचं आहे. वकिलाने हे कधीच विचारू दिलं नाही. तो म्हणायचा, ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारू नये.

माझे वडील सहा वर्षांचे होते. आजोबांना आणखी तीन मुलगे, पलीकडच्या गल्लीत मूल नाही, म्हणून दिले. मोजून एकशे दहा पावलं. मी चालून मोजली आहेत. ते आयुष्यभर दर रामनवमीला आजोबांच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मांडव बघायचे. जवळ जाऊन ताक प्यायचे, सगळ्यांसारखे रांगेत उभे राहून. त्यांना लोटा कधी कुणी धरू दिला नाही. थोरले दोघे काका गेले, मग तुझे वडील गेले आणि पाळी माझ्यावर आली, तेव्हा २०१० साली मी पहिल्यांदा तो लोटा हातात घेतला. त्या दिवशी मला वाटलं, बाबा घरी आले.

आणि पुढच्या वर्षी रामनवमीच्या आठ दिवस आधी तुझी चिठ्ठी आली, 'यंदापासून लोटा आमचे हे घालतील.' कारण नाही, काही नाही. मी विचारायला आलो तर रंगाराव दारातच म्हणाले, "तुम्ही दत्तक घरचे, अण्णा. उगाच वाद नको." मी त्याच पावली वेंकटकडे गेलो.

म्हणून विचारतो. एकशे दहा पावलांची तुला खरोखरच एवढी अडचण होती का? तूही लग्न होऊन रंगारावांच्या घरी गेलीस, ते तर पार अण्णा नगरला. तुझं घर चालतं आणि माझं नाही?

रंगाराव गेले तेव्हा मी आलो होतो. तुला माहीत नसेल. वेंकटनी बजावलं होतं, आत जाऊ नका, त्यांचा हक्क कबूल केल्यासारखं होईल. मी समोरच्या औषधाच्या दुकानापाशी तासभर उभा राहिलो. दुकानदाराने तीनदा विचारलं, काय हवंय. शेवटी मी सर्दीच्या गोळ्या घेतल्या. पुढच्या तारखेला कोर्टात पुकारा झाला, 'प्रतिवादी क्रमांक दोन मयत, वारस नोंदीवर घ्यावेत,' आणि मी मान खाली घालून 'हरकत नाही' म्हटलं. माझ्या भावोजींना मी वाहिलेली श्रद्धांजली ती एवढीच. हरकत नाही.

हा खर्च कुठल्या कोर्टाने कुणावर बसवायचा, ते मला सांग.

खरं उत्तर दे. ते काहीही असलं तरी अपील मात्र करणारच.

वसंत


अण्णा नगर,
२० मार्च २०२५

वसंताण्णा,

तुम्ही औषधाच्या दुकानापाशी उभे होतात, ते मी गच्चीतून पाहिलं होतं. हरिणीला म्हटलं, जा, मामाला वर बोलाव. मग मुरलीचा फोन आला, घरात घेऊ नका, आपली बाजू पडेल. नवरा समोर पडला होता आणि मला बाजूची काळजी करायला सांगत होते. मी हरिणीला थांबवलं. ते माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

आता उत्तर. बसून वाचा.

दत्तकाचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता. अडचण तुमच्या भाषणाची होती.

२०१० ची रामनवमी आठवा. लोटा हातात घेतलात आणि बोलायला लागलात. आधी रामराज्य. मग तंजावरची गादी. मग इंग्रजांनी ती कशी खालसा केली. मग भाषावार प्रांतरचना. मी घड्याळ बघत होते, अण्णा. एक तास पन्नास मिनिटं. ऊन डोक्यावर. मॅन्शनमधली, भाड्याच्या खोल्यांतली ती एकटी पोरं, जी सकाळी चहासुद्धा न पिता ताकाच्या आशेने रांगेत उभी राहतात, ती एकेक करून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मांडवात गेली. एक म्हातारी चक्कर येऊन बसली. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवून म्हणालात, "ही बघा भावना!" पिंपातलं ताक आंबट झालं, फुटून वर पाणी आलं. शेवटी तुम्ही डोळे मिटून पहिला लोटा ओतलात तेव्हा समोर घ्यायला फक्त एक पोलीस होता, आणि तो लाउडस्पीकरची परवानगी बघायला आला होता.

मी रात्रभर विचार केला, हे अण्णांना कसं सांगायचं. तुम्ही इतके आनंदात होतात! जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "अंबू, पुढच्या वर्षी याहून सविस्तर बोलतो."

माझ्याने लिहवेना. 'तुमचं भाषण लांबतं' हे तुम्हाला सांगणं म्हणजे तुमचा प्राण काढणं. हे म्हणाले, मी बघतो, आणि दारात दत्तकाचं बोलून बसले. त्यांना वाटलं, त्यात तुमचा दोष नाही, म्हणून तुम्हाला कमी लागेल. तुम्ही कोर्टात गेलात. मुरलीने विचारलं, बचाव काय? मी खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, मामी, कायद्यात कंटाळा हा बचाव नाही, दत्तक आहे. मग दत्तकच लिहिलं. एकदा लिहिलं की चौदा वर्षं तेच बोलावं लागतं. तुम्ही माझे कुणी नाही असं मी शपथेवर सांगितलं, कारण तुम्ही कंटाळवाणे आहात असं मला शपथेवर सांगवेना.

आता तुमच्या खर्चाचं. एक गोष्ट मी लपवली, तीही घ्या. आजोबांच्या कागदाला मागची बाजू आहे. कोर्टात दिलेली झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची होती. तुमच्या वकिलाने मागितली नाही, मी दिली नाही, आणि सात न्यायाधीशांपैकी एकालाही पान उलटावंसं वाटलं नाही. मागे तीनच ओळी आहेत: 'मांडव, गूळ, ताक, विंझणे, अस्का खर्च थोराने सोसावा. कोणाकडे मागू नये. मागेल तो थोर नव्हे.'

चौदा वर्षं तो खर्च आधी ह्यांनी आणि मग मी सोसला. आता कोर्टाने थोर तुम्हाला ठरवलंय.

अपील करायचं तर करा. मूळ कागद सोबत पाठवते, दोन्ही बाजूंचा. वेंकटला दाखवा, किंवा दाखवू नका. तो तुमच्या विवेकाधिकाराचा भाग आहे.

अंबू


तिरुवल्लिकेणी,
२६ मार्च २०२५

अंबू,

पत्र पोचलं. कागद पोचला.

वसंत


अण्णा नगर,
७ एप्रिल २०२५

अण्णा,

आज सकाळपासून फोनची वाट बघते आहे, मुरलीचा. अपील दाखल झालं का ते कळावं म्हणून. फोन आला नाही, आणि मला त्याला करवत नाही. म्हणून हे पत्र.

तुमची एका ओळीची चिठ्ठी आली तेव्हा मला धडकी भरली होती. तुमचं एवढं छोटं पत्र मी जन्मात पाहिलं नाही. हरिणी म्हणाली, मामाची तब्येत बरी नसेल.

काल आम्ही मेट्रो आणि मग रिक्षा करून नऊलाच पोचलो. पाहते तर मांडव घातलेला, वाटायचे ताडाचे विंझणे दोरीने बांधून रचलेले, पिंपं भरलेली, आणि तुम्ही धोतर खोचून कढीपत्ता निवडत बसलेले. मी विचारलं, हे अस्कं कुणी केलं? तुम्ही वर न बघता म्हणालात, "थोराने."

मॅन्शनची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. तुम्ही लोटा उचललात. खिशातून जाड कागद डोकावत होते, ते मला दिसले. मला २०१० आठवलं. रांगेतल्या जुन्या माणसांनाही आठवण असणार, कारण एक-दोन जणांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तुम्ही घसा खाकरलात. हरिणीने माझा हात धरला. तुम्ही समोरच्या मुलाकडे पाहिलंत, त्याच्या घामाकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "घे."

एवढंच. आणि ओतलंत.

मी कोर्टात हरले तेव्हा रडले नव्हते, अण्णा.

ताकात मीठ थोडं जास्त झालं होतं. पुढच्या वर्षी मला विचारा.

परवा नऊ तारीख आहे. काय ठरवलंत, ते कळवा.

अंबू


तिरुवल्लिकेणी,
९ एप्रिल २०२५

चि. अंबू हिस अनेक आशीर्वाद. (नमस्कार तू करायचा असतो. मी थोर.)

आज पाच वाजता मुदत संपली. मी चार ते पाच मरिनावर वाळूत बसून होतो. वेंकटनी नऊ वेळा फोन केला. शेवटी घेतला, तर म्हणाले, "सार, खर्च बुडाला." मी म्हटलं, बुडाला नाही, सोसला. त्यांना फरक कळला नाही. अपिलाच्या मसुद्याची फी मात्र मागितली. त्यांच्या विवेकाधिकारात मी पडलो नाही.

कागदाची मागची बाजू मी कुणालाही दाखवलेली नाही. न्यायाधीशांची शेवटची ओळ आणि आजोबांची शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहिल्या. एकाला कारण सापडलं नाही म्हणून त्याने नातं लिहिलं. दुसऱ्याला नातं टिकवायचं होतं म्हणून त्याने कारणच ठेवलं नाही. यावर मला पुष्कळ बोलता येईल. बोलत नाही.

मात्र रविवारी खिशात जे कागद होते, ते तुझ्यासोबत सगळ्या रांगेने पाहिलेच आहेत, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. रामनवमीचं भाषण. चौदा वर्षं तयार करत होतो, दर वर्षी थोडं वाढत गेलं. रामराज्यापासून विवेकाधिकारापर्यंत. 'घे' म्हणताना ते अस्कं छातीत तसंच राहिलं, आणि दोन दिवस धाप लागते आहे. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काही नाही, वय.

या शहरात ते ऐकून घेणारं कुणी नाही आणि वाचू शकणारं एकच माणूस आहे. बावीस पानं सोबत जोडली आहेत. चुका असतील तिथे लाल शाईने खूण कर. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

उभयपक्षांतील नाते लक्षात घेता, हे तू सोसावंस.

तुझा,
वसंताण्णा

ता. क. चोळीचं कापड हरिणीच्या बँकेत देऊन आलो. तिने मला मामा म्हटलं.